बिस्किटांच्या डब्यातला निकाल

निवडणुका कव्हर करणाऱ्याकडं बातम्या उरत नाहीत, किस्से उरतात. बातमी डेस्कवाले कापतात. किस्सा कापला जात नाही, पण तो ऐकायला समोर कुणी तरी लागतं!

आम्ही तिघं वार्ताहर होतो. मी, सुधाकर आणि जोशी. लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या संध्याकाळी क्रांती चौकातल्या चाचांच्या हॉटेलात जमायचो. कोण येणार त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचो. मनातला नाही, जमिनीवरचा निकाल लिहायचा. ज्याचा चुकेल त्यानं बरोबर आलेल्याला स्वतः चहा नेऊन द्यायचा. आणि चिठ्ठीआधी, प्रचार चालू असतानाच, पिशोर गावाची एक फेरी सक्तीची!

*

सक्तीची, कारण तिथला एक म्हातारा. त्याला विचारलं, "बाबा, वारं कुणाचं?"

"वाऱ्याचं नाय ठावं, सायेब. पाटलानं ज्याला हार घातला, त्याला आमच्या आळीचं एक बी मत नाय!"

"आणि पाटलानं हार कुणाला घातला?"

"आजून नाय घातला. आमी बी थांबलोय!"

*

एका अपक्षाला गाठलं. "निवडून येणार का?"

"मला कशाला यायचंय? त्या समोरच्या उमेदवाराला पाडायला उभा हाय!"

"मग प्रचार कुठं करता?"

"त्याच्याच गावात. माझ्या गावात काय काम?"

मी हे जसंच्या तसं लिहून दिलं. छापून काय आलं? 'अपक्षाचा झंझावाती प्रचार'! डेस्कवर जाऊन भांडलो. तर म्हणे, "साहेब, त्याची जाहिरात आहे आपल्याकडं!"

*

जोशी निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला गेला. पुढच्या निवडणुकीत फोन करून म्हटलं, "चिठ्ठी सांग, मी टाकतो."

"अरे, उद्या टीव्हीवर दाखवतीलच की!"

*

राहिला सुधाकर. तो एका पक्षाचा प्रसिद्धीप्रमुख झाला. मी भर हॉटेलात म्हणालो, "आता तुझी चिठ्ठी वरून छापूनच येत असेल!" अर्धा चहा टाकून तो उठून गेला. नंतर आमचं बोलणं नाही. त्यांचं पक्ष कार्यालय चौकाच्या पलीकडंच आहे, तरीही.

चाचा मात्र मला पाहून अजून विचारतात, "दो चाय?"

*

या वेळी पिशोरला गेलो नाही. एकट्यानं एसटीत बसून काय बोलणार, आणि कुणाशी? ऑफिसातूनच अंदाज बांधला, सुधाकरच्याच पक्षाचा उमेदवार येणार. तो स्वतः टीव्हीवर ओरडत होता, "आमची सीट लाखाच्या फरकानं!" मी चिठ्ठी टाकून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा उमेदवार पडला. डबा उघडला, तर आत दोन चिठ्ठ्या!

एक माझी, चुकलेली. दुसरीवर विरोधकाचं नाव. अक्षर सुधाकरचं.

चाचा म्हणाले, "कल आपके जाने के बाद आए थे."

चहाचा ग्लास घेऊन मी चौक ओलांडला. कार्यालयात ना झेंडे, ना कार्यकर्ते. रिकाम्या खुर्च्यांत सुधाकर एकटाच. त्यानं ग्लास घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाला,

"पिशोरला गेला नव्हतास ना?"