कॉम्प्युटरमधली इमारत

वायरमनकाका निवृत्त झाले, तरी त्यांच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नव्हता. कुणाकडे गेले की आधी स्विचबोर्डाकडे नजर, मग घरच्यांकडे. काकू म्हणायच्या, "अहो, कधीतरी माणसांशीही बोला!"

त्यांची पुतणी शिकायला त्यांच्याकडेच राहत होती. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. तिचा प्रकल्प ऐकून काकांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. घरातल्या विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवायचे, वेगळी केबल नको. ते कसे पोचतील, हे आधी कॉम्प्युटरवर इमारतीची नक्कल उभी करून पाहायचं. त्यासाठी पुतणीने ते राहत होते तीच तीन मजली इमारत निवडली होती. तिचं सगळं वायरिंग काकांच्याच हातचं, आणि त्याचा नकाशाही कपाटात जपून ठेवलेला.

"म्हणजे विजेच्या पाठीवर बसून निरोप जाणार?"

"तसंच काहीसं. वीज संथ हेलकावते, निरोप फार भराभर. पलीकडे ते चाळून वेगळे काढायचे."

"आणि वाटेत हरवले तर?"

"काका, तेच तर बघायचंय."

काकांनी खुर्ची ओढली, ती चार दिवस तिथेच राहिली.

अडचण अशी होती की नक्कल आणि अस्सल जुळत नव्हते. निरोप वेगवेगळ्या लहरींवरून जायचे. कॉम्प्युटरवर सगळ्याच लहरी सुखरूप पोचत होत्या, आलेखाची रेघ जवळजवळ सपाट. पण मीटरजवळ एक यंत्र आणि तिसऱ्या मजल्यावर दुसरं लावून खरोखर मोजलं, की रेघेत एका जागी खोल खड्डा. तेवढ्या लहरी मधल्यामध्ये गडप.

"तुझ्या त्या इमारतीत माणसं राहतात का गं?" काकांनी विचारलं. "मिक्सर, पंखे, चार्जर?"

पुतणीने कपाळावर हात मारला. तिने घातल्या होत्या फक्त तारा.

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन दारोदार फिरले. कुणाकडे काय, किती वाजता चालतं, सगळं लिहून आणलं. पुतणीने ते नकलेत भरलं. रेघ खऱ्यासारखी खरखरीत झाली, पण खड्डा काही पडेना. मग एका दुपारी काकांनी शेजाऱ्यांच्या हातापाया पडून पाच मिनिटं सगळी बटणं बंद करवली. खऱ्या रेघेतला खड्डा होता तिथेच!

"एखादी तार पुढे कुठेच जात नसेल, तर असं होतं," पुतणी म्हणाली. "लहर आत शिरते, टोकाला आपटून परत येते आणि मागून येणारीला पाडते. पण नकाशात अशी तार नाही."

काका एकदम कान खाजवू लागले.

"नकाशात नाही. भिंतीत आहे."

गच्चीवर पाण्याची मोटर बसायची होती, म्हणून त्यांनी तार ओढली होती. मोटर शेवटी खालीच बसली. तार काढायचा कंटाळा केला, टोकाला टेप गुंडाळली आणि वरून प्लास्टर झालं.

"किती लांब?"

"बारा मीटर."

तिने बारा टाकले. खड्डा पडला! पण किंचित उजवीकडे. काका डोळे मिटून बसले, हवेत हाताने तार ओढत ओढत मनातल्या मनात जिना चढले.

"थांब. तुळईला वळसा घातला होता. चौदा कर."

खड्डा डावीकडे सरकला आणि खऱ्या खड्ड्यावर नेमका बसला. पुतणी टाळ्या वाजवत उभी राहिली. काका मात्र जागचे हलले नाहीत. इतकी वर्षं भिंतीआड लपलेली तार हिला दिसली कशी, तेच त्यांना कळेना.

संध्याकाळी त्यांनी मेन बंद करून जंक्शन बॉक्स उघडला आणि ती तार सोडवली. पुन्हा मोजलं तर खड्डा गायब.

"काका, अशा आणखी किती तारा आहेत?"

"या इमारतीत एकच," काका म्हणाले. "बाकी गावाचं विचारू नकोस."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. काकांनी वहीचं नवं पान उघडलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.