जवळचं माणूस

आजाऱ्यांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या त्या संस्थेत नाना सर्व्हरचं काम बघत. रेकॉर्डमध्ये एक अक्षर खोटं गेलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. नर्सच्या मोबाइलवरचं अ‍ॅप लिहिणारी पोरगी वयाने त्यांच्या निम्मी, पण भांडायला बरोबरीची. पेशंटच्या नोंदीत कुठले रकाने असावेत, हे दोघांनी आपापल्या कोडमध्ये वेगवेगळं लिहून ठेवलं होतं. रकान्यांच्या अशा साच्याला ते 'क्लास' म्हणत.

"नाना, एकच क्लास लिहू, दोघंही तोच वापरू," असं म्हणत ती दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती.

"माझी चूल वेगळीच बरी," नाना म्हणत. हट्टी माणूस, दुसरं काय!

मग नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ड्रेसिंगला आपल्याच संस्थेची नर्स येणार, म्हणून ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसले. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी पोरीला फोन केला.

ती धावत आली. आधी डॉक्टरांना बोलावलं, मग लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात चोर सापडला. 'जवळचं माणूस' हा रकाना नानांच्या क्लासमध्ये रिकामा चालत होता, तिच्या क्लासमध्ये चालत नव्हता. त्यामुळे ज्याला कोणीच नाही, त्याची अख्खी नोंद अ‍ॅप गुपचूप गाळत होतं. असे अकरा जण निघाले, नानांना धरून.

"माझं चुकलं, नाना." ती रडकुंडीला आली होती.

"दोघांचं गं. मीच अडून बसलो होतो ना?" नाना म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको गेली त्या आठवड्यात तिचं नाव त्यांनी स्वतःच आपल्या जुन्या नोंदीतल्या त्या रकान्यातून काढलं होतं. खोटं कशाला ठेवायचं, म्हणून. काढताना मात्र ढसाढसा रडले होते.

बाकीच्या दहा जणांना तिने तिथूनच फोन लावले. मग जेवणाच्या टेबलावर बसून दोघांनी एकच क्लास लिहिला. त्यात हा रकाना रिकामा चालणार होता. रात्र पडायच्या आत सगळ्या नर्सच्या मोबाइलवर नवं अ‍ॅप चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली, तेव्हा पोरगी चहा गाळत होती. पट्टी सोडता सोडता नर्सने मोबाइलवर नजर टाकली.

"आजोबा, इथे 'जवळचं माणूस' म्हणून मुलीचा नंबर दिलाय. या का त्या?"

चहा गाळणारा हात थांबला. पोरीने मान वर केली नाही. नाना तिच्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले, "एकुलती एक."