तांदळातलं नाव आणि डिप्लोम्यावरचं नाव

आयर्लंडहून आलेल्या ईमेलमध्ये एक साधा प्रश्न होता. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून आम्हाला दोन वेगवेगळ्या महिला दिसतात, त्यांतली नोकरीला नक्की कोण येणार आहे?

बायकोने तो मोठ्याने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. "घ्या. तुमच्यासाठी आहे."

बरोबरच होतं. त्यातली एक महिला मी तयार केली होती.

बावीस वर्षांपूर्वी आमचं लग्न माणगावला गावच्या घरी झालं. आमच्याकडे नवी सून घरात आली की नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. मी आठवडाभर आधीपासून पाच नावांची यादी खिशात घेऊन फिरत होतो. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शेवटी एक चार अक्षरी नाव नक्की केलं, आणि ऐन वेळी पहिली दोन अक्षरं जोशात एवढी मोठी काढली की चौथं ताटाच्या काठावर गेलं. भटजींनी तीनच वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले गेले, आणि भलतंच नाव कायम झालं. नंतर एका मावसबहिणीने डोळे बारीक करून विचारलं, "कॉलेजातल्या कुणाचं नाव तर नाही ना रे हे?" नव्हतं. असतं तरी मला ते नीट लिहिता आलं नसतं.

ते तीन अक्षरी नाव रेशनकार्डावर चढलं, तिथून पॅन, आधार आणि पासपोर्टवर. पासपोर्ट हौसेने काढलेला, त्यावर एकही शिक्का नाही. हॉस्पिटलात मात्र बायको माहेरच्या नावानेच राहिली. नर्सिंगचा डिप्लोमा त्याच नावाचा, नोंदणी त्याच नावाची. बदलायला सुट्टी कोण काढणार? म्हणजे पेणकरपाड्याच्या आमच्या घरातून रोज सकाळी एक बाई निघायची आणि मीरा रोडच्या डायलिसिस विभागात दुसरीच पोचायची. बावीस वर्षं यात कुणाचं काही अडलं नाही.

तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली एकेक करून बाहेर गेल्या. त्यांतली एक डब्लिनहून फोन करायची. "सिस्टर, आम्हाला सुई धरायला तुम्ही शिकवलंत. आणि तुम्हीच अजून तिथे?" बायकोने सेहेचाळिसाव्या वर्षी इंग्रजीची परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि नोकरी मिळवली. मी तिच्यामागे 'अवलंबित' म्हणून जाणार. पुण्याला हॉस्टेलवर राहणाऱ्या आमच्या मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही तिकडे करणार काय?" मी म्हटलं, "तुझ्या आईचा डबा." ती इतकी हसली की फोन तिच्या मैत्रिणीने उचलला.

तर आता त्या दोन महिला एकच आहेत हे बारा आठवड्यांत सिद्ध करायचं होतं. नाहीतर नोकरी दुसऱ्या कुणाला.

मी अशा वेळी फार उत्साही असतो. लगेच केबिन रोडवरच्या एका वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं, की वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. लाल शिक्का, तिकीट, सही, सगळं झकास. तिकडून दोन दिवसांत उत्तर आलं की हे बाईंचं स्वतःचं म्हणणं झालं, विवाहाचा दाखला पाठवा.

दाखला नव्हता. पाचशे माणसं जेवून गेली होती, नोंदणी करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग आम्ही महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या खिडकीशी नव्याने नवरानवरी होऊन उभे राहिलो. लग्नपत्रिका हवी, लग्नातला फोटो हवा, आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार हवेत. दोन चुलतभाऊ माणगावहून आले. तिसरा माझा शाळेतला मित्र, जवळच्याच मुर्धे गावचा. तो फॉर्मवर सही करता करता खिडकीतल्या बाईंना म्हणाला, "म्याडम, मी बुंदी दोनदा घेतली हुती. ते लिवायचं हाय का न्हाय?"

त्या बाई चाळिशीच्या, शांत. हसू दाबून त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "वधूचं लग्नाआधीचं नाव पत्रिकेवर आहे, ते मी घेतलं. लग्नानंतरचं काय लिहू?"

मी तोंड उघडलं. माझं तोंड या बाबतीत सवयीने उघडतं.

"थांबा," बायको म्हणाली. "मी सांगते. लग्नानंतरचंही तेच."

"अगं," मी तिला बाजूला घेतलं, "नुसती दोन्ही नावं लिहून घेऊ. दाखला पाठवला की झालं. हे केलंस तर राजपत्रात छापायचं, मग आधार बदलायचं, मग पासपोर्ट नवा. वेळ कुठे आहे?"

"किती आठवडे उरलेत?"

"नऊ."

"बसवा नऊमध्ये."

"आणि नाही बसलं तर?"

"अहो, पंचवीस वर्षं मी त्या नावाने पेशंटला सुया लावल्यात. घाबरलेली माणसं मला त्या नावाने हाका मारतात. तिकडे छातीवर दुसरीचंच नाव लावलं तर कामावर मी जाऊ, का तिला पाठवू?"

माझा मित्र मागून म्हणाला, "पाठव तिला. दोन पगार येतील."

खिडकीतल्या बाईंनी ते नाव लिहिलं. लिहून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझंपण तांदळातलंच आहे. मला वाटायचं, ते काही बदलता येत नसतं." आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढचे आठवडे मी धावलो. कंपनीच्या स्टोअर्समध्ये वीस वर्षं काढल्यामुळे कुठला कागद कुठल्या कागदाच्या मागे लावायचा हे मला कळतं, एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. अंगठीने दोन मिनिटांत लिहिलेलं पुसायला मला सात आठवडे लागले. राजपत्रात नाव छापून आलं, तेव्हा मी ते पान घरी नेऊन पेढे आणले. बायको म्हणाली, "नाव ठेवताना पेढे, काढतानाही पेढे. तुम्हाला मधुमेह होईल तो असा." शेवटी आधार झालं, पासपोर्टच्या कार्यालयातली भेट झाली, आणि पासपोर्ट छापून निघाल्याचा मेसेज तिच्या फोनवर आला. दहा दिवस हातात होते.

शनिवारी मला सुट्टी असते. मी दुपारी जेवून आडवा झालो होतो. इंटरकॉम वाजला. वॉचमन नवीन होता, उत्तर प्रदेशचा. त्याने एक नाव आणि एक आडनाव अडखळत अडखळत उच्चारलं आणि विचारलं, "साब, ये मॅडम आपके उधर रहती है क्या?"

"नहीं भाई," मी डोळे न उघडता म्हणालो. "इधर ऐसा कोई नहीं. बी विंग में देखो." आणि कुशीवर वळलो.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"पासपोर्ट परत गेला. मेसेज आलाय, या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही."

"कोण म्हणालं असं?" मी उठून बसलो. "काय माणसं असतात! जरा शेजारी विचारायचं, खात्री करायची..."

आणि वाक्याच्या मधेच मला दुपार आठवली.

माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बावीस वर्षांत एकदा तरी हाक मारली असतीत त्या नावाने, तर कानाला सवय झाली असती."

खरं होतं. आमच्याकडे सगळं 'अगं' आणि 'अहो'वर चालतं. मी तिचं खरं नाव सात आठवडे निरनिराळ्या फॉर्मांवर मोठ्या अक्षरांत लिहीत होतो, पण तोंडाने एकदाही घेतलं नव्हतं.

रविवारची सुट्टी कशी काढली ते विचारू नका. मी न सांगता भांडी घासली. सोमवारी पोस्ट उघडायच्या आधी आम्ही दोघं पायरीवर हजर. पासपोर्ट अजून गेला नव्हता, परतीच्या थैलीत पडला होता. पोस्टमनने बायकोचं नवं आधार उलटसुलट पाहिलं.

"मॅडम तुम्हीच? मग त्या दिवशी घरात कोण होतं?"

"कोणी नाही," बायको म्हणाली. "एक माणूस झोपला होता."

त्याने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि सहीसाठी यंत्र पुढे केलं. तिने सही केली, लिफाफा फोडला, पहिलं पान उघडून नावावरून अंगठा फिरवला. मग पासपोर्ट पर्समध्ये टाकून चेन दोनदा ओढून पाहिली.

"व्हिसासाठी दिलात, तर हा परत कुरियरने याच पत्त्यावर येणार ना?" पोस्टमन म्हणाला. "दारावर पाटी लावा मॅडम, तुमच्या नावाची. साहेबांच्या भरवशावर राहू नका."

कागद त्याच दिवशी आयर्लंडला गेले, आणि गुरुवारी उत्तर आलं. एकच महिला दिसते, धन्यवाद, रुजू होण्याची तारीख सोबत.

शनिवारी आम्ही केबिन रोडला गेलो. दीड महिन्यात हे घर बंद करून जायचं होतं, तरी मी पाटी करायला टाकली. दुकानदाराने वही पुढे घेतली. "बोलो साब, क्या लिखना है?" मी नाव सांगितलं. मागून रिक्षांचे हॉर्न, त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो कानाला हात लावून वाकला. मग मी सगळा दम एकवटून रस्त्याभर ऐकू जाईल असं ते नाव, आडनावासकट, ओरडलो.

शेजारच्या दुकानात बायको लोकरीच्या मोज्यांचा भाव पाडत होती. ती चटकन वळली.

"काय हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "माझेही दोन जोड घे."