बाबांची ळ नसलेली पत्रं

काशीनाथ रामटेके १९८६ साली भंडारा जिल्ह्यातून दिल्लीला आले, ते एका मंत्रालयात हिंदी टंकलेखक म्हणून. गावी त्यांचे वडील पन्नाशीत, प्रौढशिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकले होते. छापील अक्षर त्यांना लागायचं, हाताने लिहिलेलं लागत नसे. म्हणून काशीनाथ दर शुक्रवारी, साहेबांना विचारून, ऑफिसच्या मशीनवर घरचं पत्र टाइप करायचे. त्या मशीनवर ळ नव्हता. तेवढी जागा मोकळी सोडायची आणि नंतर पेनाने ळ भरायचा. असं अकरा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने ती सगळी पत्रं कुरियरने पाठवली. कागद घड्यांवर फाटायला आले होते. निवृत्त काशीनाथ आता दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरात मुलीच्या, श्रावस्तीच्या, सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. पत्रं पुन्हा टाइप करायची असं त्यांनी ठरवलं. घरात श्रावस्तीचा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर होता, पण त्यावर बोटं पुढे जायची आणि अक्षरं मागून रेंगाळत यायची.

"बाबा, नवा लॅपटॉप घेऊ या ना," श्रावस्ती म्हणाली.

"नको. याची बटणं खोल जातात. लॅपटॉपवर टाइप केल्यासारखंच वाटत नाही."

रविवारी जावई विनय कॉम्प्युटरपाशी बसला. तो नोएडात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे.

"तुम्हाला फक्त लिहायचंय ना? मग एवढा जड प्रोग्राम कशाला? छोटा एडिटर बघू."

पहिला एडिटर झटकन उघडला, पण त्यात जोडाक्षरांचे तुकडे पडले. दुसरा चहा संपला तरी उघडेना. तिसऱ्यात नुसती कोरी पांढरी खिडकी होती, वर चार शब्दांचा मेनू. तो क्षणात उघडला.

काशीनाथांनी पहिलं पत्र समोर धरलं. 'सप्रेम जय भीम. बोडीत पाणी किती आहे? तळ्याचं कसं?' बोट पडताच अक्षर उमटत होतं. ळ उमटला तसे ते थांबले.

"परत अडकला का?" विनयने विचारलं.

"नाही. छान चाललाय."

मग रोज सकाळी दोन-तीन पत्रं होऊ लागली. शाळेला सुट्टी असली की नात अनुष्का शेजारी बसून अडखळत वाचायची.

"आजोबा, बोडी म्हणजे?"

"छोटा तालाब. आपल्या धानाला त्याचंच पाणी."

मार्चमध्ये शेवटचं पत्र झालं. अनुष्काने ते न अडखळता वाचलं आणि विचारलं, "पणजोबा काय उत्तर द्यायचे?"

"त्यांना वाचता यायचं, पण लिहिता फक्त सही यायची. पोस्टकार्डावर पत्ता दुसऱ्याकडून घालून घ्यायचे आणि मागे सही करून पाठवायचे. पत्र पोचलं, एवढं कळायचं."

"ती कार्डं कुठे आहेत?"

"क्वार्टर बदलताना गेली," काशीनाथ म्हणाले. "तेव्हा मला वाटलं, त्यात काही लिहिलेलंच नाही."