अनुभवाचा पुरावा

परदेशात डॉक्टर होऊन आलेली ती गेली तीन वर्षं इस्पितळाच्या खिडकीवर केसपेपर काढत होती. सगळे तिला चेष्टेनं डॉक्टरीणबाई म्हणत. इथल्या परीक्षा तिनं केव्हाच पास केल्या होत्या. पण परवान्यासाठी गेल्या दोन वर्षांत रुग्ण तपासल्याचा लेखी पुरावा हवा, आणि परवाना नसेल तर रुग्णाला हात लावायचा नाही! "मग पुरावा काय आभाळातून पडणार?" ती घरी रोज करवादायची.

परवा एक काका खिडकीशी आले. "पित्त झालंय, लवकर नंबर द्या." त्यांना दरदरून घाम फुटला होता. न राहवून तिनं खिडकीतूनच त्यांची नाडी धरली आणि ओरडली, "स्ट्रेचर आणा, हार्ट अटॅक आहे!"

काका वाचले. तिला मात्र दुसऱ्या दिवशी अधीक्षकांचा मेमो मिळाला. 'आपण अधिकार नसताना रुग्णाची नाडी तपासून हृदयविकाराचे अचूक निदान केले. खुलासा करावा.'

नवरा म्हणाला, "माफी मागून मोकळी हो."

"माफी मागते माझी चप्पल!"

तिनं मेमोची झेरॉक्स काढली, परवान्याच्या अर्जाला टाचली आणि अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'इस्पितळाचा सही-शिक्क्याचा पुरावा सोबत जोडला आहे.'