पहिलं गाणं निवडताना मावशी

लेकीसाठी स्थळ बघणारा बाप काळजीने जेवढा वाळत नसेल, तेवढी माझी धाकटी मावशी पेटी शिकायला आलेल्या पोरासाठी पहिलं गाणं निवडताना वाळते. इकडे उत्तरेत, नदीकाठच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत ती कित्येक वर्षं मुलांना पेटी शिकवते आहे, आणि पहिलं गाणं चुकलं की मूल संगीताला कायमचं मुकतं, अशी तिची खात्री आहे. नवं मूल आलं की ती त्याचा पंजा आपल्या तळहातावर ठेवून बघते, ते चालताना काय गुणगुणतं ते मागून जाऊन ऐकते. गाणं पाच बोटांखालच्या पाच सुरांत बसलं पाहिजे आणि मुलाच्या पोटात ते आधीपासून असलं पाहिजे. बँकेतल्या एका साहेबांनी मुलाला सिनेमातलंच गाणं शिकवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पोहायला शिकवताना पोराला नदीत रामनगरकडच्या मधल्या धारेत सोडता का?" त्या मुलाला तिने मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, विकणाऱ्याची हाळी वाजवायला शिकवली, कारण थंडीत सकाळी ती कानावर आली की तो शिकवणी सोडून खिडकीकडे धावायचा. साहेब महिनाभर रुसले. मुलगा अजून वाजवतो.

माझ्या मुलीच्या, रेवाच्या बाबतीत मात्र मावशीही अडली. रेवा आठ वर्षांची. तिच्या आईची रेल्वेत गोरखपूरला बदली झाली आणि पोरगी मिटत गेली. आधीच्या दोन शिक्षकांकडे पेटीसमोर बसलं की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. मावशीलाही तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मावशीआजी, हमसे नहीं होगा." तीन आठवडे झाले तरी मावशीने तिला एकही गाणं दिलं नाही, आणि वर आमच्या मंडळाच्या गणपतीत वाजवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालून आली. आठ दिवस उरले तेव्हा मी काकुळतीला आलो. "मावशी, काहीतरी सोपं दे ना."

"सोपं कुणाला? तुला की तिला?"

त्याच संध्याकाळी गल्लीत एक सांड आडवा उभा होता. रेवा भिंतीला चिकटून, श्वास रोखून पुढे सरकू लागली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणू लागली. मावशीने माझा दंड घट्ट धरला. पोरगी पलीकडे पोचल्यावर तिने तिला परत बोलावलं आणि बोट धरून पुन्हा त्याच सांडाजवळून नेलं. मग तिसऱ्यांदा. सांडाने मान वळवली, तसा मी पुढे झालो. "मावशी, शिंगं आहेत त्याला."

"गप बस. तिसरा सूर गंधार की मध्यम, तेवढं कळू दे."

घरी येऊन मावशीने ते चार सूर वाजवले तेव्हा मी ओळखले. रेवाची वेणी घालताना तिची आई हेच गुणगुणायची.

गणपतीत रेवाची पाळी आली तेव्हा आईची गाडी अजून पोचली नव्हती. रेवाचा हात भात्यापर्यंत पुरत नसल्याने भाता मावशी हलवत होती. भाता भरला, पण एकही पट्टी दबली नाही. माणसं चुळबुळली, कोणीतरी खाकरलं. पुढच्या मुलाला बोलवायला मंडळाच्या चिटणीसांनी हात वर केला. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो हात खाली आला. मी अर्धवट उठलो; तिने मान हलवून मला बसवलं. रेवाच्या कपाळावर घाम दिसत होता. मग तिचे ओठ हलले. ती गुणगुणायला लागली, आणि थोड्या वेळाने बोटं ओठांच्या मागोमाग निघाली. एक सूर चुकला. ती थांबली, मागे गेली, नीट वाजवून पुढे आली. दुसऱ्यांदा वाजवत होती तेव्हा दाराशी चपलांच्या ढिगात खांद्याला बॅग लावून तिची आई उभी होती, पदर तोंडावर धरून.

परतताना रेवा आणि तिची आई पुढे होत्या. पायऱ्यांवर मावशी दम खायला थांबली तेव्हा मी विचारलं, "तुझं पहिलं गाणं कुठलं गं?"

"मला कुठे कोणी शिकायला बसवलं? गुरुजी दादाला शिकवायचे. मी स्वयंपाकघरात पोळपाटावर बोटं फिरवायची. त्याचं गाणं तेच माझं." तिने गुडघ्यावर हात टेकून पुढच्या पायरीवर पाय ठेवला. "फार अवघड होतं रे ते."