कापसाच्या खोलीतली कंपनी

माझ्या धाकट्या भावाने रॅपची कंपनी काढली तेव्हा सगळ्यात आधी लोगो तयार झाला. गाणं नव्हतं, गाणारं कोणी नव्हतं, पण लोगो झकास होता. एक माइक, एक जुना लॅपटॉप आणि मालक म्हणून हा. मी यवतमाळला शाळेत शिकवते, चार ओळींचा मेल बरा लिहिते, म्हणून मला मॅनेजर नेमलं. पगाराचं विचारलं तर म्हणाला, "ताई, तू तं घरचीच हायेस."

रेकॉर्डिंगला खोली हवी होती. बाभुळगावजवळच्या आमच्या घरात प्रत्येक भिंत आवाज परत फेकते. एकच खोली गप्प होती, मागची. तिथे बाबांनी भाव वाढेल म्हणून कापूस छातीइतका भरून ठेवला होता. त्यात माइक नेला आणि आवाज असा स्वच्छ आला की भाऊ दिवसभर जेवायला उठला नाही. अडचण एकच, कापसात बसलं की अंगाला खाज सुटते. आमची पहिली गाणी भावानेच गायली; ती ऐकताना गाणारा घाईत आहे हे कळतं. लोकांनी ती स्टाइल समजून घेतली. आपल्या वऱ्हाडीत असलं काही ऐकायला मिळतंय याचंच त्यांना अप्रूप होतं. बोरी अरबला एका वरातीत आमचं गाणं वाजलं, तेव्हापासून मालक चालतानाही खांदे हलवायला लागले.

बाबांचं मत वेगळं होतं. "हे गाणं होय का भांडण?" एवढंच ते विचारत. त्यांची खाट मात्र हळूहळू मागच्या दाराशी सरकली. तिथे ऊन बरं लागतं, म्हणत.

पुढचं गाणं मारेगावच्या एका मुलीचं होतं. कडवी तिचीच, सुट्टीच्या दिवशी बसने यायची. अर्धं गाणं झालं आणि तिचा घसा बसला. नेमका तेव्हाच कापसाचा व्यापारी गाडी घेऊन दारात. कापूस गेला की खोली पुन्हा घुमणार आणि उरलेलं अर्धं गाणं वेगळंच ऐकू येणार. बाबांना थांबा म्हणायची हिंमत भावात नव्हती, माझ्यातही नव्हती. तो मुकाट्याने माइक काढायला लागला.

"भाव वाढू दे, मंग पाहू," बाबा व्यापाऱ्याला म्हणाले. गाडी रिकामी गेली.

भाव वाढला नाही, उतरला. व्यापारी पुन्हा आला, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"बाबा, भाव उतरून राह्यला. तुम्ही कायची वाट पाहून राह्यले?"

"त्या पोरीचा घसा बसला ना," बाबा म्हणाले. "अर्ध्यात कसं सोडन ते?"

मला बाबांचा इतका अभिमान वाटला की त्यांच्याकडे बघवेना.

मुलगी बरी होऊन आली, एका दमात गायली, खाजवत बसने परत गेली. दुसऱ्याच दिवशी बाबांनी गाडी बोलावली. खोली रिकामी झाल्यावर भाऊ दारात उभा राहून नुसता बघत होता. बाबा आत गेले, मोठ्याने खाकरले. चारही भिंतींनी ते खाकरणं परत दिलं. त्यांनी हाताने भिंतीची उंची मापली.

"तूर निघून राह्यली आता," ते भावाला म्हणाले. "पोते भिंतीले लावून ठेवले तं जमन काय?"